गणपतीचा मुळा

सरकारी कारकुनाने परदेशप्रवासाचे बेत आखणे म्हणजे रिकाम्या खिशाने सराफकट्ट्यावरून हिंडणे होय. प्रवाससवलत स्वदेशापुरतीच, परदेशी जावयाचे तर रजेबरोबर पूर्वपरवानगीचाही अर्ज! तरीही जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातील आमच्या बिऱ्हाडात महिनाभर टोकियोचा नकाशा पसरलेला आहे.

असाकुसाचे सेन्सोजी मंदिर, उएनोचे उद्यान, हे सारे आम्ही चार दिवसांत सहज बसविले. अडले ते आईच्या जेवणापाशी. तिकडच्या साध्या सूपातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. बौद्ध भिक्षूंचे शोजिन र्योरी तेवढे शाकाहारी. “तुम्ही दोघे जाऊन या,” म्हणून तिने विषय मिटविला. तिचा स्वर मात्र आम्हांस रात्रभर टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला वाचून दाखविले, की असाकुसातच मात्सुचियामा येथे आपला गणपती कांगितेन या नावाने नांदतो आणि भक्त त्यास मुळा वाहतात.

“मुळा?” आई उद्गारली. “आणि मोदक कोण देतो त्याला?”

तिसऱ्या तिकिटापायी चाराचे तीन दिवस झाले आहेत. उएनो गळाले, तांदळाची पिठी मात्र यादीत चढली आहे.