फारशी तयारी नको

गेल्या फेब्रुवारीत माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तिका भाषांतरासाठी आली. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी वर्षाच्या शेवटच्या दिवसांत वर्गात घ्यायचे उपक्रम, असा विषय. बहुतेक उपक्रमांच्या वर एकच शेरा होता : ‘फारशी तयारी नको’. त्याखाली मात्र सामानाची यादी. सव्वीस फुगे, प्रत्येकात एकेका अक्षराची चिठ्ठी, रोज एक फोडायचा. वर्गातच समुद्रकिनारा करायचा, त्यासाठी टॉवेल आणि गॉगल. पांढऱ्या टी-शर्टवर मित्रांच्या सह्या घ्यायच्या. अमेरिकेत शाळेचं वर्ष मे-जूनमध्ये संपतं आणि मुलं उन्हाची वाट पाहत असतात. जबलपूरला एप्रिलअखेर लू सुरू होते आणि आम्ही उन्हाकडे पाठ करून कूलरसमोर बसतो.

भाषांतर करून पाठवून दिलं, पण तो शेरा डोक्यात राहिला. त्याला कारण होतं. रविवारी सकाळी मी इथल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये लहान मुलांचा मराठीचा वर्ग घेते. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. रेल्वे, कोर्ट, तोफगाडीचा कारखाना अशा नोकऱ्यांमुळे इथे आलेली घरं इथलीच झाली. आता त्या घरांतली नातवंडं आजीचं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. वर्गाच्या पटावर अकरा नावं होती, येत होती सहा. मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा झाल्या आणि समितीतल्या एका काकांनी विचारलं, “आता एप्रिलमध्ये वर्ग कशाला? आणि खरं सांगायचं तर जूनमध्ये तरी कशाला?” मी चार रविवार मागून घेतले. पुस्तक उघडायचं नाही आणि काही विकत आणायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. माँटेसोरीची साधनं महाग, म्हणून ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांतून बालवाडी उभी केली. आमच्या नर्मदेच्याच काठी, खाली होशंगाबादला, १९७२ मध्ये खेड्यातल्या शाळांसाठी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तिथे आलेल्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमितीच्या आकृत्या करून दाखवल्या. दोघांनीही आधी मुलांच्या आजूबाजूला काय पडलेलं आहे ते पाहिलं. माझ्या मुलांच्या आजूबाजूला काय होतं? हॉल, फळा, खडू, पाण्याचा माठ, आणि घरी आजी-आजोबा.

पहिल्या रविवारी ‘मामाचं पत्र हरवलं’. मुलांना खेळ येत होता, पण ‘कोड़ा जमाल शाही’ म्हणून. तेच रिंगण, तोच पाठीमागे टाकलेला रुमाल. हिंदीत तो कोरडा होतो, मराठीत मामाचं पत्र. मी एकच नियम वाढवला : ज्याला पत्र सापडेल त्याने ते वाचून दाखवायचं. रुमाल कोरा, त्यामुळे मजकूर आपला. एका मुलाच्या मामाची गाडी इटारसीला अडकली होती. एकाचा मामा आंबे पाठवणार होता, पण “मम्मीला सांगू नको” म्हणत होता. एका मुलीने रुमाल उलटसुलट केला आणि म्हणाली, “काहीच नाही लिहिलं. माझा मामा इंग्लिश मीडियमचा आहे.” मोठी माणसं हसली. मुलं हसली नाहीत, त्यांना ते साधं कारण वाटलं.

दुसऱ्या रविवारी ‘नाव-गाव-फळ-फूल’. मुलांच्या शाळेत याचं रूप ‘नेम-प्लेस-ॲनिमल-थिंग’. आपण फळाफुलांत का रमलो आणि इंग्रजीवाले प्राण्या-वस्तूंत का, यावर मी तासभर बोलू शकते, पण तिसरीच्या मुलाला त्यात रस नसतो. चिठ्ठ्या केल्या. एकाने उचलली ती निघाली ‘ळ’. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द कुणालाच सापडेना, कारण मराठीत तसा शब्दच नाही. मग खेळ बदलला. ‘ळ’ शब्दाच्या पोटात लपलेला असतो, हॉलमध्ये हिंडून तो शोधायचा. फळा सापडला, नळ सापडला, खुर्च्यांची ओळ, फोटोवरची माळ. एकाने छताकडे बोट दाखवलं : “जाला!” दुसरीने दुरुस्त केलं : “जाळं!” इथल्या रोजच्या हिंदीत हा उच्चार नाही, त्यामुळे ही मुलं ‘शाला’ आणि ‘केला’ म्हणतात आणि वर्षभर सांगूनही जीभ मागे वळत नाही. त्या दिवशी पैज लागली होती, म्हणून वळली.

तिसरा रविवार ‘डोंगर का पाणी’चा. इथे त्याला ‘नदी-पहाड़’ म्हणतात. पायऱ्या म्हणजे डोंगर, फरशी म्हणजे पाणी. पळून दमल्यावर मी त्यांना बॅलन्सिंग रॉक व्हायला सांगितलं. मदनमहालच्या किल्ल्याजवळ एका शिळेवर दुसरी अवाढव्य शिळा जेमतेम टेकलेली आहे. २२ मे १९९७ ला मध्यरात्रीनंतर भूकंप झाला, शहरात घरं पडली, ती शिळा हलली नाही. मुलांनी एका पायावर उभं राहायचं, मी टेबल बडवून भूकंप करायचा. जो पडेल त्याने खाली बसून मराठीत एक वस्तू सांगायची : पळताना घरातून काय उचललं? “मांजर.” “आजीच्या गोळ्या.” “मी कूलर उचलणार होतो, पण तो जड आहे.” घरी जाऊन मुलांनी आई-वडिलांना तोच प्रश्न विचारला. त्यांना ती रात्र आठवत होती. पुढच्या रविवारी दोन आया सांगत होत्या की त्या विषयावर घरात पहिल्यांदाच बोलणं झालं.

शेवटच्या वर्गासाठी आजीला किंवा आजोबांना विचारून एक शब्द आणायचा होता, वर्गात कुणालाच ठाऊक नसलेला. तो बोलायचा नाही, करून दाखवायचा. फडताळ आलं, झारी आली, पायतण आलं. दुसरीतली एक मुलगी जमिनीवर बसली, एक पाय दुमडून दुसऱ्याने काहीतरी दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी हवेतली भाजी पुढे ढकलत चिरू लागली. मानही आजीसारखी किंचित तिरकी. मुलांना ओळखता येईना. मागे बसलेल्या साठीच्या बाई मात्र पुटपुटल्या, “विळी.” इंग्रजीत विळी आणताना मला दर वेळी दोन ओळी खर्च कराव्या लागतात. त्या मुलीला चार सेकंद लागले.

या खेळांना तयारी लागत नाही असं आपण म्हणतो, पण तयारी झालेली असते. कुणीतरी रिंगण आखलेलं असतं, रुमालाला पत्र म्हटलेलं असतं, नातीसमोर वर्षानुवर्षं विळीवर भाजी चिरलेली असते. शिक्षकाला दहा मिनिटांत वर्ग रंगवता येतो तो या शिलकीवर. शहर बदललं, भाषा पातळ झाली, की ती शिल्लक खर्च होत जाते. मग फुगे विकत आणावे लागतात. फुग्यांवर माझा राग नाही. पण फुगा फुटला की घरी विचारायला काही उरत नाही.

शेवटच्या रविवारी नऊ मुलं आली. काकांनी जूनचं वेळापत्रक फळ्यावर स्वतःच लिहिलं. सुट्टीचा अभ्यास एकच : आजोळाहून एक शब्द आणायचा. दोघं नागपूरला जाणार आहेत, एक खंडव्याला. बाकीच्यांचं आजोळ इथेच, दोन गल्ल्या पलीकडे आहे. त्यांनी मात्र रोज एक आणायचा, असं ठरलं आहे.