बदल ओळखायचा कुणी?

अँग्युलर या वेब फ्रेमवर्कचा विषय निघाला की २०१६ सालची मोडतोड हमखास निघते. दुसऱ्या आवृत्तीत कंट्रोलर आणि स्कोप गेले, टाइपस्क्रिप्ट आली, जुना कोड जसाच्या तसा चालेना. एवढं होऊनही पाया तेव्हा हलला नाही, असं माझं मत आहे. आवृत्तीच्या आकड्यांवर तसाही फार विश्वास ठेवू नये. राउटरचा आकडा आधीच पुढे गेल्यामुळे इथे दुसरीनंतर थेट चौथी आली. पाया म्हणजे एकच प्रश्न: माहिती बदलली, हे ओळखायचं कुणी? अँग्युलरजेएसचं, म्हणजे पहिल्या आवृत्तीचं, आकर्षण हेच, की ती जबाबदारी प्रोग्रॅमरवर नव्हती. नॉकआउट या दुसऱ्या लायब्ररीत प्रत्येक किंमत ऑब्झर्वेबलमध्ये गुंडाळावी लागे. इथे साधा ऑब्जेक्ट चाले. त्याची किंमत मात्र पडद्यामागे मोजली जाई. एका क्लिकनंतर सगळे वॉचर जुनी-नवी किंमत ताडून पाहत, काही बदललेलं दिसलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि दहा फेऱ्यांत स्थिरावलं नाही की एरर. दुसऱ्या आवृत्तीनं या फेऱ्या संपवल्या, कंपोनंटचं झाड वरून खाली एकदाच तपासायला घेतलं आणि टायमर, क्लिक, प्रॉमिस यांवर झोनजेएसची पाळत बसवली. पण हा रखवालदार दार वाजलं एवढंच सांगे, आत कोण आलं ते त्याला दिसत नसे. म्हणजे अंदाजच, फक्त शिस्तीतला.

मग ती मोडतोड उगाचच होती का? नाही. झाडाची ती शिस्त आणि टेम्पलेट आधीच कंपाइल करण्याची सोय जुन्या घडणीत बसवणं अवघड होतं. उलट २०२० मध्ये नवव्या आवृत्तीत अख्खं इंजिन बदलून आयव्ही नावाचं नवं आलं, तरी बहुतेकांचा कोड तसाच चालला. पाया हलला तो २०२३ मध्ये, सोळाव्या आवृत्तीत, सिग्नल आले तेव्हा. आता प्रत्येक किमतीलाच ठाऊक असतं, की आपल्याला कोण वाचतं. यावर आक्षेप असा, की हे नॉकआउटकडेच परत जाणं झालं आणि ओझं पुन्हा प्रोग्रॅमरच्या डोक्यावर आलं. पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. दुसरं पटत नाही. सेटटाइमआउटनंतर आठवणीनं अप्लाय म्हणणं, पुढे ऑनपुश या तपासणीच्या पद्धतीसाठी दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनवणं, हे ओझंच होतं. फक्त ते कोडमध्ये कुठे लिहिलेलं नसे, आणि विसरलं तर पडदा जुनाच आकडा दाखवत बसे. सिग्नलच्या कोडमध्ये ते ओळीओळीत दिसतं, म्हणून जास्त वाटतं. शिवाय त्या बदल्यात रखवालदाराची गरज संपते: एकविसाव्या आवृत्तीपासून नव्या प्रकल्पात झोनजेएस मुळात घातलेलंच नसतं.