बनियनखालची गाठ



कपाशीच्या शेतात उभा राहून मी वर्षानुवर्षे सांगत आलो, "बोंड वरून हिरवेगार दिसते म्हणून फसू नका. फोडून पाहा. गुलाबी अळी आत बसून खाते." दुसऱ्याला शहाणपण शिकवणारा मी स्वतः मात्र फसलो. तीच हकीकत आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनाग्रामागे हरभऱ्याएवढी टणक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. छातीची गाठ म्हणजे बायकांचे दुखणे, पुरुषाने दाखवायची कुणाला? शिवाय लेकीचे लग्न जमवायचे होते. पाच महिने गाठ बनियनखाली दडवली. पुढे स्तनाग्र आत ओढले गेले, बनियनला रक्ताचा डाग पडला. धुणे धुताना तो आमच्या मंडळींनी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मला एस.टी.त बसवून दवाखान्यात नेले. सुईने तुकडा काढून तपासला. स्तनाचा कर्करोग निघाला.

होय, हा रोग पुरुषांनाही होतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत साधारण एक पुरुष असतो. बहुधा तो साठीच्या आसपास किंवा नंतर दिसतो. घराण्यात हा रोग असणे, दारूने यकृत निकामी होणे, फार लठ्ठपणा, वृषणाचे काही विकार, पूर्वी छातीवर घेतलेले किरणोपचार यांनी धोका वाढतो. छातीची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. वयात येणाऱ्या मुलांची छाती थोडी वाढते, काही औषधांनीही वाढते. पण निवाडा डॉक्टरांनी करावा, आपण नव्हे.

माझ्यावर शस्त्रक्रिया करून डावा स्तन व काखेतल्या काही गाठी काढल्या. नंतर केमोथेरपी आणि किरणोपचार झाले. आता टॅमॉक्सिफेनची गोळी रोज एक, अशी पाच वर्षे घ्यायची आहे. पुरुषांतला हा रोग बहुतेक वेळा संप्रेरकांवर पोसतो. ही गोळी त्याची ती रसद तोडते. अधूनमधून अंगाची लाही होते, पण गोळी चुकवत नाही.

आमची आत्या याच रोगाने गेली होती. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल, हे ध्यानीमनीही नव्हते. रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-२ या जनुकात दोष निघाला. तो बापाकडूनही उतरतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे जिच्या लग्नापायी मी गाठ दडवली, तिलाच ते कळणे सर्वांत गरजेचे होते! लेकीने तपासणी करून घेतली. दोष तिच्यातही आहे. रोग नाही, आणि आता ती वेळच्या वेळी तपासण्या करते. लग्न अजून जमायचे आहे. येणाऱ्या पाहुण्यांपासून आम्ही काही लपवत नाही.

बंधूंनो, छातीत किंवा काखेत गाठ, स्तनाग्रातून पाणी वा रक्त, न भरणारी जखम दिसली, तर लेप लावत बसू नका. मुंबईचे टाटा रुग्णालय आहे, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगावर उपचार होतात. आणि भगिनींनो, घरधनी लाजत असेल तर तुम्हीच त्याला एस.टी.त बसवा. मी आज लिहितो आहे, तो त्यामुळेच.