ॲबिंग्डनच्या आठ वायरी

ऑक्सफर्डहून दक्षिणेकडे सहा-सात मैल गेलं, की थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचं जुनं गाव लागतं. गावात एका प्राचीन मठाचे अवशेष आहेत, नदीवर पंधराव्या शतकातला दगडी पूल आहे आणि चौकात सतराव्या शतकातली कौंटी हॉलची देखणी इमारत आहे. राजघराण्यात राज्याभिषेकासारखं मंगलकार्य निघालं, की या इमारतीच्या गच्चीवरून गावचे नगरसेवक खाली जमलेल्या प्रजेवर गोड पाव फेकतात. आपल्याकडे मंगलकार्यात डोक्यावर अक्षता पडतात, तिथे पाव पडतात एवढाच फरक!

पण जगभरचे मोटारवेडे ॲबिंग्डनचं नाव घेतात ते पावांसाठी नव्हे. ‘मॉरिस गॅरेजेस’ या ऑक्सफर्डच्या पेढीच्या आद्याक्षरांवरून ज्यांना नाव मिळालं, त्या एम.जी. गाड्यांचा कारखाना १९२९ साली या गावी आला. चामड्याच्या एका कारखान्याच्या रिकाम्या जागेत त्यानं बिऱ्हाड थाटलं, ते पुढं पन्नास वर्षं हललं नाही. १९६२ साली इथं एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स गाडी निघाली आणि तिनं पाच लाखांचा आकडा ओलांडला. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याला टाळं लागलं. एम.जी. हे नाव आता चिनी उद्योगाकडे आहे आणि ते मिरवणाऱ्या गाड्या आपल्याकडेही धावतात; पण ॲबिंग्डनशी त्यांचं नातं केवळ नावापुरतंच.

कारखाना गेला, तरी कसब गावातून गेलेलं नाही, हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं. त्याचं बिऱ्हाड ॲबिंग्डनला आहे आणि दारात टप नसलेली, दोन माणसांची एक लाल एमजीबी आहे. मूळच्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या जागी तिच्यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलेलं आहे. हा उद्योग अगदीच जगावेगळा नव्हे. कारखान्यानं स्वतः १९७३ ते १९७६ या काळात बंद टपाच्या २,५९१ गाड्या याच इंजिनाच्या काढल्या. हे इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे ताकद कितीतरी जास्त असूनही जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा जड नाही. बॉनेटखाली मात्र जागा इतकी अपुरी, की चाळीतल्या दोन खोल्यांत आठ जणांचं कुटुंब राहावं, तसा प्रकार.

मी गेलो तेव्हा घरात या गाडीवरून धुसफूस चालू होती. आठवड्यापूर्वी भाचा धाकट्या मुलीला शेजारी बसवून निघाला असताना, एका ट्रकला ओलांडतानाच गाडीनं आचके दिले. समोरून वाहन येत होतं. निभावलं, पण भाचेसुनेनं निक्षून सांगितलं, “मामा, तुम्हीच सांगा यांना. गाडी ठेवा नाहीतर विका, पण पोरगी तिच्यात पुन्हा बसणार नाही.”

यावर मी काय बोलणार? पण शेजारी एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ राहत होते. सोळाव्या वर्षी उमेदवार म्हणून ते एम.जी.च्या कारखान्यात लागले होते आणि टाळं लागेपर्यंत तिथंच होते. भाच्यानं त्यांना बोलावलं.

म्हातारबुवांनी पहिल्यांदा इंजिनाला हातच लावला नाही. रात्र पडू दिली, गॅरेजचं दार धुरासाठी उघडं ठेवून दिवा मालवला आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. आम्ही तिघे अंधारात डोळे लावून उभे. बॉनेटखाली एका ठिकाणी निळसर रेघ लवलवत होती, भिजलेली फुलबाजी पेटू पाहावी तशी. प्लगची एक वायर एक्झॉस्टच्या तापल्या नळीला टेकून भाजली होती आणि तिथून वीज बाहेर पळत होती.

ही वायर म्हणजे वास्तविक गाडीतली किरकोळ वस्तू. पण काम केवढं! बॅटरीचा दाब बारा व्होल्टचा. कॉइल तो वीस हजारांच्या पुढं चढवते, डिस्ट्रिब्युटर तो पंगतीत वाढावं तसा एकेका सिलिंडरला वाढतो आणि तिथवर तो पोचवायचा या वायरींनी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर आठ सिलिंडरांत मिळून सेकंदाला दोनशे ठिणग्या पडतात. चढावर किंवा ओलांडताना पेट्रोल आणि हवा जास्त कोंबली जाते, ठिणगीला जास्त दाब लागतो आणि वायर जिथं कच्ची असेल तिथून वीज जवळची वाट धरते. गाडी सपाटीवर गुणी बाळासारखी चालते आणि नेमकी अडचणीच्या वेळी मिस मारते, ती यामुळे.

दिवा लागल्यावर मात्र म्हातारबुवांनी भाजलेली वायर सोडून भलतीकडेच बोट दाखवलं. भाच्यानं बाजारातल्या सगळ्यात जाड, झगझगीत पिवळ्या वायरी आणून एका बाजूच्या चारही वायरी पट्ट्यांनी आवळून, वेणी घालावी तशा नीटनेटक्या बांधल्या होत्या.

“खरा घातकी प्रकार हा,” ते म्हणाले.

कारण असं. या इंजिनात ठिणग्यांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असतो. विषम आकड्यांचे सिलिंडर डावीकडे, सम आकड्यांचे उजवीकडे. म्हणजे पाच आणि सात हे एकाच बाजूचे सख्खे शेजारी आणि त्यांची पाळीही लागोपाठची. दोघांच्या वायरी लांबवर अंगाला अंग लावून गेल्या, तर पाचातल्या विजेच्या धक्क्यानं सातातही वीज उसळते. सातव्या सिलिंडरचा दट्ट्या तेव्हा अजून वर चढतो आहे. अवेळी ठिणगी पडली, की स्फोट त्याला उलटा दणका देतो. गाडी आचका देते ती नशिबानं. दुर्लक्ष केलं, तर दट्ट्याच फुटायचा!

नव्या वायरी निवडताना म्हातारबुवांनी जाडी आणि रंग पाहिला नाही. नुसत्या तांब्याच्या वायरी त्यांनी बाजूला ठेवल्या. त्यांच्यामुळे रेडिओ खरखरतो आणि या गाडीत बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशनही गोंधळतं. कोळशाच्या गाभ्याच्या वायरी शांत खऱ्या, पण दोन-चारदा ओढाताण झाली की त्यांचा गाभा आतल्या आत तुटतो. त्यांनी घेतल्या त्या गाभ्यावर बारीक तारेचे वेढे दिलेल्या, वरून उष्णता सोसणारं सिलिकोनचं वेष्टन असलेल्या.

बसवण्याचे नेमही त्यांनी भाच्याकडून वदवून घेतले. जुनी एक काढायची, तिच्या जागी नवी एक बसवायची, म्हणजे क्रम चुकत नाही. प्रत्येकीवर आकडा घालायचा. लांबी हवी तेवढीच. काढताना टोपी धरायची, वायर ओढायची नाही; बसवताना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबायची. एक्झॉस्टपासून दूर न्यायची. आणि पाच व सात यांच्यामध्ये दुसरी वायर घालून त्यांना वेगळं ठेवायचं. गाठ पडलीच, तर फुलीसारखी आडवी पडू द्यायची, बरोबरीनं चालू द्यायचं नाही.

काम संपलं तेव्हा बॉनेटखालचं दृश्य पहिल्याइतकं टापटिपीचं दिसत नव्हतं. भाच्यानं तसं बोलून दाखवलं. म्हातारबुवा हसून म्हणाले, “मापात बसणं वेगळं आणि दिसायला नीट असणं वेगळं. आम्हाला कारखान्यात पहिल्या वर्षी हेच शिकवीत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मामा-भाचे पश्चिमेला अफिंग्टनच्या टेकडीकडे निघालो. हिरव्या उतारावर पांढऱ्या खडूच्या मातीत कोरलेला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा भलामोठा घोडा तिथं धावतो आहे. त्याच्या अंगावरचं गवत दर पिढीनं खरवडून काढलं, म्हणूनच तो आजवर टिकला. शेवटचा चढ चांगला उभा. भाच्यानं ॲक्सिलरेटर दाबला, मी नकळत दाराची कड धरली. गाडी एकसुरात घुमत वर गेली. तीनदा खाली उतरून तीनदा चढलो. एकदाही आचका नाही.

संध्याकाळी भाचेसून स्वतः शेजारी बसली आणि तोच चढ चढून आली. उतरल्यावर नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही. घरात गेली, मुलीची लोकरी टोपी आणि स्वेटर घेऊन बाहेर आली आणि तिला हाक मारून म्हणाली, “उघड्या गाडीत वारं लागतं. आधी हे घाल, मग बस.”