पिको मशीन आणि दोन अर्जुनी

आम्ही दोघी जावा. एकाच घरात, एकाच छपरीत दोन मशीन मांडून गेली नऊ वर्षं कपडे शिवतो. इटियाडोह म्हटलं की बाहेरच्या माणसाला धरण आठवतं. गाढवी नदीवरचं, 1970 साली पूर्ण झालेलं, इकडच्या धानाला पाणी देणारं. आम्हाला आठवते ती धरणाची पाळ, कारण फोनला धड रेंज तिथेच येते. पुढे जे सांगणार आहोत, त्यातलं अर्धं भांडण आम्ही त्या पाळीवर उभ्या राहून केलं.

साडीला पिको करायचं तर आजपर्यंत साड्या गोळा करून अर्जुनीला पाठवाव्या लागत. पाच-सहा रुपये सुटत, बाकी तिकडच्याचे. म्हणून आम्ही ठरवलं, यंदा भिशीचा नंबर लागला की पिको मशीन घ्यायची. शाबानमध्ये भिशी उघडली. महाशिवरात्रीला प्रतापगडची जत्रा, पुढे रमजान, मग ईद आणि लगेच लग्नसराई. मशीन वेळेवर आली असती तर दोन-अडीच महिन्यांत तिची किंमत निघाली असती. पुतण्याने मोबाईलवर शोधून दिली, 8,640 रुपयांना. घरी आल्यावर पैसे देण्याची सोय आमच्या पिनकोडला नव्हती. 10 फेब्रुवारी 2025 ला पूर्ण रक्कम आधीच भरली.

17 तारखेला दुपारी मेसेज आला, ‘तुमचे पार्सल पोहोचवले आहे.’ आम्ही दोघी छपरीतच बसलेल्या. दारात कोणी नाही, शेजारी कोणी ठेवलेलं नाही. आम्हाला कोणी ओटीपी विचारला नाही की सही घेतली नाही.

आमच्याकडे पार्सल आणणारा एकच पोरगा आहे. अर्जुनीहून मोटारसायकलवर येतो, मागे पोतं बांधलेलं. ‘चाची, पाणी द्या’ म्हणून दारात थांबतो. आमच्या मनात पहिलं नाव त्याचंच आलं. खोटं कशाला बोलायचं? दुसऱ्या दिवशी कंपनीकडे पहिली तक्रार केली, तेव्हा आम्ही पुतण्याकडून एक वाक्य लिहून घेतलं: पार्सल पोहोचवणाऱ्या मुलानेच ते परस्पर ठेवून घेतले असावे. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, तसबीह फिरवत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “पाहिलंत का तुम्ही? मग बदगुमानी कशाला?” आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गेलेल्या पैशांपुढे म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकतं?

तीन दिवसांनी उत्तर आलं: आमच्या नोंदीनुसार वस्तू पोहोचली आहे, तक्रार निकाली. विक्रेत्याला कळवलं तर तो म्हणे, माल मी पाठवला, पुढचं कंपनीला विचारा. कंपनी म्हणे, विक्रेत्याला विचारा.

त्याच संध्याकाळी घात व्हायचा राहिला. धाकटीने इंटरनेटवर कंपनीचा ग्राहक सेवा नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला, तो लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की आम्हाला वाटलं, सुटलो. म्हणाला, एक ॲप टाका, मग मी सांगतो तसं करा, पाच मिनिटांत पैसे खात्यात. ॲप अर्धं उतरलं होतं, तेवढ्यात पुतण्या शाळेतून आला आणि त्याने फोन हिसकावलाच. त्या ॲपमधून आपला सगळा फोन समोरच्याला दिसतो, पिन टाकताना बोटंसुद्धा. आधीच 8,640 गेलेले, वर खातंही रिकामं झालं असतं. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: कंपनीचा नंबर शोधायचा तो तिच्याच ॲपमध्ये किंवा बिलावर. आणि कोणी असा फसलाच, तर एक मिनिट न दवडता 1930 ला फोन. सायबर फसवणुकीसाठी तो नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

पुढची वाट मोठ्या दिराने दाखवली. ते तहसीलमध्ये अर्ज लिहून देण्याचं काम करतात, त्यामुळे कागद कसा बोलतो हे त्यांना कळतं. त्यांनी सांगितलं की ऑनलाइन विक्रीसाठी 2020 पासून वेगळे नियम आहेत. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता सगळ्यांना दिसेल असा ठेवावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा आलेल्या मालाचे पैसे परत द्यायलाही विक्रेता सहसा नकार देऊ शकत नाही. आमचा माल तर आलाच नव्हता.

24 तारखेला त्या अधिकाऱ्याला मेल केला. भाऊजींनी त्यात रडगाणं ठेवलं नाही. ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम, पहिल्या तक्रारीचा नंबर आणि शेवटी एकच मागणी: वस्तू पोहोचली म्हणता, तर पुरावा द्या. कोणाची सही, कोणता ओटीपी, कुठला फोटो? आता मागे वळून बघताना वाटतं, पैसे परत आले ते या एका प्रश्नामुळे. ‘आलं नाही’ असं आम्ही शंभर वेळा सांगितलं असतं तरी त्यांचा संगणक ‘पोहोचलं’ असंच म्हणत राहिला असता.

पोच आली आणि मग सामसूम. जत्रा होऊन गेली. पिकोच्या साड्या नेहमीसारख्या अर्जुनीला गेल्या.

3 मार्चला, दुसऱ्या रोज्याला, पाळीवर जाऊन 1915 लावला. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि तक्रारीचा नंबर दिला. हे कोर्ट नव्हे, ते हुकूम काढत नाहीत. तक्रार कंपनीपुढे ठेवून उत्तर मागतात. पण जी कंपनी आमच्याशी बोलत नव्हती, ती चार दिवसांत बोलली. 7 मार्चला पुरावा म्हणून तिने फोटो पाठवला.

फोटोत हिरव्या फरशीच्या पायरीवर आमचं खोकं. आमच्या घराला पायरीच नाही. मागे दुकानाची अर्धी पाटी दिसत होती. पुतण्याने फोटो मोठा केला आणि वाचलं, ‘सडक अर्जुनी’.

गोंदिया जिल्ह्याबाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे अर्जुनी दोन आहेत. एक आमची अर्जुनी मोरगाव, दुसरी महामार्गावरची सडक अर्जुनी. तालुकेही वेगळे. आमचं खोकं त्या दुसऱ्या अर्जुनीला जाऊन कोणाच्या तरी पायरीवर पडलं होतं. आमच्या पोराने ते डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

यानंतर कंपनी नरमली. आधी म्हणाली, पैसे तुमच्या वॉलेटमध्ये टाकतो, त्यातून पुन्हा खरेदी करा. आम्ही नाही म्हटलं. ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात हवेत. 19 मार्चला, अठराव्या रोज्याला, 8,640 रुपये जमा झाले. पहिल्या तक्रारीला महिना उलटून एक दिवस झाला होता. नसते आले तर गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी भाऊजींनी ठेवली होती. कंपनी कुठल्याही शहरातली असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही दाखल होतो. मुदत दोन वर्षांची. गोंदियाला जाऊन येणं म्हणजे आमचा सगळा दिवस मोडतो, त्यामुळे हे घरबसल्याचं ऐकून आम्हाला बरं वाटलं.

ईदच्या आधी चार दिवस वडशाच्या दुकानातून मशीन आणली. चारशे रुपये जास्त गेले, पण सुई चालवून बघितली. ईदची शिलाई मात्र गेली ती गेलीच.

आणि तो पोरगा? फोटो आल्या दिवशीच आम्ही कंपनीला पुन्हा लिहिलं, की त्या मुलाबद्दलचं आमचं वाक्य चुकीचं होतं, ते काढून टाका. त्याला उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये पुतण्याची पुस्तकं घेऊन तो दारात आला. गाडी चालूच ठेवली, पाणी मागितलं नाही. विचारलं तेव्हा कळलं, आमच्या तक्रारीवरून त्याला आठ दिवस घरी बसवलं होतं. रोज पार्सलमागे पैसे मिळतात. आठ दिवस म्हणजे आठ दिवसांची कमाई गेली.

मोठी म्हणाली, “चूक आमची झाली, बेटा. माफ कर.” धाकटीने आतून पैसे आणले. त्याने हात मागे घेतला. “कायले चाची? मले फक्त एवढंच वाटलं, का तुमी मले एकडाव इचाराले पायजे होतं.”

अम्मी आतून ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत.

मेच्या शेवटी तो पार्सल नसताना आला. पिशवीत त्याच्या आईची साडी होती, भाचीच्या लग्नासाठी पिको करायची. आम्ही तिथेच मशीनवर घेतली, दहा मिनिटांत करून दिली. तोवर तो छपरीत बसून पाणी प्यायला. पैसे नको म्हटलं, तर वीसची नोट मशीनच्या चाकाखाली दाबून ठेवली आणि गाडीला किक मारली.