शाफ्टवरचं अक्षर

गेल्या पावसाळ्यात मास्तरांचा उजवा अंगठा बुडाशी सुजला. जुनी ग्रिप ब्लेडने सोलायची, टेपवर थिनर ओतायचा आणि तो वाळायच्या आत नवी ग्रिप एका दमात खाली रेटायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. आता ग्रिप निम्म्यावर अडकू लागली. डॉक्टर म्हणाले, सांध्यातली कूर्चा झिजली. मास्तर रेंजवर गेले आणि आपल्या लाडक्या सात नंबरच्या आयर्नने एक चेंडू मारला. नेहमीच्या खुणेच्या वीस-पंचवीस यार्ड अलीकडे पडला. दुसरा मारला, तोही तिथेच. शिवाय प्रत्येक फटक्याला कोपरापर्यंत झिणझिण्या.

मास्तर म्हणजे पुण्यातल्या एका कोर्सवर बाराव्या वर्षी दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेतलेला कॅडी. पुढे शिकवू लागले, मग क्लब दुरुस्त करू लागले. कुणी ‘प्रो’ म्हटलं तर ते दुरुस्ती करत नाहीत. त्यांच्या बॅगेतल्या प्रत्येक शाफ्टवर ‘एस’ आहे. एस म्हणजे ताठ, एल म्हणजे लेडीज, आणि मधली आर, ए ही अक्षरं म्हणजे पुरुषाच्या वयाचा उतार. या उतारावर कुणी राजीखुशीने पाऊल टाकत नाही. एका निवृत्त कर्नलसाहेबांना मास्तरांनी एकदा चक्क एलचा शाफ्ट बसवून दिला होता, अक्षर जमिनीच्या बाजूला वळवून. साहेब महिनाभर खूश होते, चेंडू लांब जातोय म्हणून. त्यांना खरं कळलं नाही, आणि मास्तरांना ही गोष्ट सांगायला फार आवडते.

बायकांच्या बाबतीत मात्र मास्तरांनी कधी एवढी तसदी घेतली नव्हती.

बाई रेंजवर यायची ती नवऱ्याचा जुना सेट घेऊन. मास्तर तो वरून दीड इंच कापायचे, नवी ग्रिप चढवायचे, बहुतेक वेळा गुलाबी, आणि पैसे घ्यायचे. या दीड इंचाने त्यांची बरीच वर्षं खाल्ली. अर्धा इंच कापला की काट्यावर तोल तीन अंकांनी उतरतो. डी-दोनचा क्लब दीड इंचात सी-तीनवर येतो. मग बाई म्हणते, टोक कुठे आहे ते हाताला कळतच नाही. तोल परत आणायचा तर मुंडक्यावर अठरा ग्रॅम शिसं चिकटवावं लागतं. शिसं लावलं की आधीच जड असलेला क्लब आणखी जड. काढलं की हाताला पुन्हा काही लागत नाही. आणि कापल्यामुळे शाफ्ट होता त्याहून ताठ झालेला, तो काही केल्या वाकत नाही. मास्तरांनी शिसं मागे लावून पाहिलं, टाचेकडे लावून पाहिलं, ग्रिप हलकी केली, जाड केली, पुन्हा बारीक केली. रात्री जेवताना बोटावर चमचा तोलत बसायचे. घरचे म्हणायचे, आमटी निवतेय.

त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. पोलादी शाफ्ट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, बायकांचा ग्रॅफाइट त्याच्या निम्म्याहूनही हलका. कापण्याऐवजी तो बदलायचा. आली नाही म्हणजे काय, आली होती. पण ग्रॅफाइट महाग, आणि ‘बाई काय, चार महिने खेळेल आणि सोडेल’ हा हिशेब मास्तरांनी आधीच मांडून ठेवला होता.

बँकेतल्या एक अधिकारी दर मंगळवारी सकाळी यायच्या. चाळिशीतल्या, वेळेच्या पक्क्या. सहा महिने मास्तर त्यांना एकच सांगत होते, ‘मॅडम, मनगट सोडा.’ त्या सोडायच्या, चेंडू जमिनीलगत सरपटायचा. एके दिवशी त्यांनी बॅग परत केली. ‘मास्तर, हा खेळ बहुतेक आमच्यासाठी नाही.’ मास्तरांनी मान हलवली. पुढे कित्येक वर्षं ते कॅडींना ठामपणे सांगत राहिले की बायकांना मनगट नसतं.

असं मानणारे ते काही पहिले नव्हेत. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला १८६७ साली बायकांचा गोल्फ क्लब निघाला, पण तो फक्त पटिंगचा. क्लब खांद्याच्या वर उचलणं तेव्हा कुलीन स्त्रीला शोभत नसे. त्या चढउताराच्या हिरवळीला आजही ‘हिमालयाज’ म्हणतात. त्याच गावातल्या, १७५४ पासूनच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासदत्व द्यायला २०१४ साल उजाडू दिलं. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलला २०१२ लागलं. स्कॉटलंडच्याच म्युरफिल्डने २०१६ मध्ये बायकांना घेण्याचा ठराव पाडला, ओपन स्पर्धेचं यजमानपद हातचं जातंय म्हटल्यावर २०१७ मध्ये तोच मंजूर केला. क्लब काठीचा असो की सभासदांचा, बाई आली की आधी मापात अडतो.

टोकियो ऑलिम्पिकचं गोल्फ झालं ते कासुमिगासेकीही २०१७ पर्यंत बायकांना पूर्ण सभासद करत नव्हतं. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला सुवर्णावर जाऊन पडायचा होता. पण त्या सकाळी ज्यांनी जन्मात गोल्फ पाहिलं नव्हतं ती घरं चहा गार करून टीव्हीसमोर बसली होती. जागतिक क्रमवारीत दोनशेव्या क्रमांकावरची अदिती अशोक पदकाच्या रांगेत होती आणि तिची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. मास्तरांना सकाळपासून फोन येत होते, ‘बर्डी म्हणजे काय हो?’ अदिती पंधरा अंडरवर थांबली. रुपं आणि कांस्य सोळा अंडरच्या दोघींमध्ये वाटलं गेलं. एका फटक्याने ती चौथी.

मास्तरांचं लक्ष पदकाकडे नव्हतं, असं ते सांगतात. त्यांना दिसत होतं की या मुलीचा चेंडू सोबतच्या खेळाडूंच्या बराच मागे पडतोय. सुवर्ण जिंकणारी नेली कोर्डा लहान आयर्न काढते तिथे ही वूड किंवा हायब्रीड काढते, आणि मग पटरने हिशेब चुकता करते. त्याच वर्षी तिला कोरोना होऊन गेला होता. एवढ्या मागून खेळणारी मुलगी चौथी येते, म्हणजे आपण तीस वर्षं ज्या ताकदीचं कौतुक सांगितलं तिचं काय? हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी मनात आणला आणि लगेच टीव्ही बंद केला.

नंतर तेच झालं जे नेहमी होतं. आठवडाभर आयांचे फोन, मग सामसूम. मास्तरांना दोन लोकांचा राग आहे. एक ते स्क्रीनवाले, जे चेंडूचा कोन, फिरकी, वेग सगळं दाखवतात आणि बाईच्या हातात मात्र भाड्याचा पुरुषी क्लब देतात. दुसरे महिला दिनवाले. ८ मार्चला टोपी, सामोसा, दोन तास मोफत शिकवणी आणि हातात गुलाबी क्लब धरून फोटो. ९ मार्चला रेंजवर एकही बाई दिसत नाही. अठरा होल्स म्हणजे चार-साडेचार तासांची पायपीट, आणि वाटेत बाईला जाण्यासारखं स्वच्छतागृह कुठे आहे, हे त्या दिवशीही कुणी विचारत नाही. पुरुषांना झाडं असतात. शिवाय एखाद्या पुरुषाचा फटका लेडीज टीच्या पुढे गेला नाही तर त्याने सगळ्यांना पाजायचं, हा विनोद अजून चालतोच. मास्तरही त्याला हसत आले आहेत. त्यांची नाशिकची बहीण म्हणते, ‘आम्ही पन्नास बायका रोज पहाटे गोल्फ क्लबला जातो.’ तिकडे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला गोल्फ क्लब म्हणतात. तिथे चालायला जातात.

अदितीच्याही घरात आधी कुणी खेळत नव्हतं. बंगळुरूच्या कोर्सजवळच्या हॉटेलात नाश्ता करताना हिरवळ दिसली, पोर साडेपाच वर्षांची, आणि आईबापांनी तिच्याबरोबरच खेळायला घेतलं. दीक्षा डागरला ऐकू कमी येतं आणि ती डावखुरी. २०१९ मध्ये अठराव्या वर्षी तिने दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकली तेव्हा मास्तरांनी आपला रॅक पाहिला. डावखुऱ्या बाईसाठी त्यात एकही क्लब नव्हता. तो अजूनही नाही.

अंगठा बरा होईना तेव्हा मास्तरांनी एलचा एक ग्रॅफाइट शाफ्ट मागवला. स्वतःसाठी. संध्याकाळी कॅडी घरी गेल्यावर सात नंबरच्या मुंडक्यात बसवला, एपॉक्सी भरली आणि अक्षर खाली वळवलं. दुसऱ्या दिवशी गेलेल्या यार्डांतले पंधरा परत आले. हात झिणझिणला नाही.

एका कॅडीची तेरा वर्षांची मुलगी वर्षभर रेंजवर येते. तिच्या हातातलं आयर्न मास्तरांनीच दीड इंच कापलेलं. दिवाळीच्या सुट्टीत मास्तर चहा घ्यायला वळले आणि तिने त्यांचा क्लब उचलला. आवाजानेच ते थांबले. वर्षभर जमिनीलगत सरपटणारा तिचा चेंडू वर चढला, थोडा वेळ वर राहिला आणि पडला. तिने आणखी एक मारला. मास्तर तिला म्हणणार होते, ‘मनगट छान सोडलंस.’ पण तिने मनगटाचं काहीच वेगळं केलं नव्हतं.

त्या रात्री त्यांनी बँकेतल्या मॅडमचा नंबर शोधला. सापडला. लावला नाही. काय सांगणार होते, काठी चुकली होती म्हणून?

मुलीसाठी त्यांनी दुसरा एल मागवला. तो आला तेव्हा ती बाकाशेजारी उभी होती. मास्तरांचा क्लब उलटा करून तिने पाहिलं.

‘काका, अक्षर खाली का गेलंय?’

‘बसलं तसं.’

‘माझं वर बसवा. दिसलं पाहिजे.’

मास्तरांनी तिचं वर बसवलं. एपॉक्सी रात्रभर सुकायला हवी म्हणून दोन्ही क्लब भिंतीला टेकवले, आणि सवयीने आपला अक्षराच्या बाजूने भिंतीकडे वळवला. हॉझल तापवून तो फिरवायला पाच मिनिटं लागली असती. हीट गन हातात होती. त्यांनी ती खुंटीला अडकवली आणि दिवा बंद केला.