मोत्यांची माळ सुकली, आता पाणी घालू का?

माझ्या क्लिनिकच्या खिडकीत टांगलेली हिरव्या मोत्यांची माळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नर्सरीत तिला ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ म्हणतात. “डॉक्टर, आमच्याकडे ही टिकतच नाही हो,” ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आज तिच्याबद्दलच लिहितो.

आधी कबुली देतो. पहिली माळ माझ्याच हातून मेली. मधुमेहासाठी माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी ती प्रेमाने दिली होती. ऐन पावसाळ्यात एक दिवस मोती सुरकुतलेले दिसले. तहान लागली असेल म्हणून पाणी घातलं. दोन दिवसांनी आणखी सुरकुतले, म्हणून आणखी घातलं. शेवटी कुंडी उपसली, तर मुळं काळी पडून कुजलेली!

चूक कुठे झाली? मोती पाणी कमी पडल्यावर सुरकुततात, तसेच जास्त झाल्यावरही. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतही वेल सुकते. लक्षण एकच, पण उपाय अगदी उलट.

म्हणून आधी मातीत बोट घाला. माती कोरडी आणि मोती सुरकुतलेले, पण घट्ट असतील तर भरपूर पाणी द्या, जास्तीचं खाली निथळू द्या. माती ओली, मोती पिचपिचीत आणि देठ बुडाशी मऊ असेल तर पाणी ताबडतोब थांबवा. चांगले दोर कापून एक-दोन दिवस सुकू द्या आणि नव्या, जेमतेम ओलसर मातीवर नुसते आडवे ठेवा. पेरांना मुळं फुटतात.

ही वेल मूळची दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली. तिचे मोती म्हणजे पाणी साठवणारी पानंच. प्रत्येक पानावर एक पारदर्शक रेघ असते, त्या खिडकीतून उजेड आत जातो. त्यामुळे भोक असलेली उथळ कुंडी, निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू, सकाळचं कोवळं ऊन एवढं तिला पुरतं. पावसाळ्यात आडोशाला ठेवा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. आणि कुंडी उंच टांगा. मोती पोटात गेले तर त्रास होऊ शकतो, शिवाय रांगणाऱ्या बाळाच्या घशात मोती अडकण्याची भीती असते.

आता त्या काकूंची गोष्ट. त्याच पावसाळ्यात मुलगा त्यांना घेऊन धावत आला. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. “थकवा आला म्हणाली. शुगर वाढली असेल म्हणून जेवायला दिलं नाही, एक गोळी जास्तीची दिली,” तो म्हणाला. तपासली तर शुगर ४८! ग्लुकोमीटर घरातच होता, कपाटात. काकू वाचल्या, पण दोन दिवस ॲडमिट राहावं लागलं.

मुलाला मी रागावू शकलो नाही. माळेच्या बाबतीत मी तेच केलं होतं.

थकवा, चक्कर, अशक्तपणा शुगर वाढल्यावर येतो, तसा कमी झाल्यावरही येतो. म्हणून आधी तपासा. ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन जवळ नसेल आणि घाम, थरथर असेल तर शुगर कमी झाली असं समजूनच साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि जास्तीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच नको.

बऱ्या झाल्यावर काकूंनी विचारलं, “माझी माळ कशी आहे?” मी खरं काय ते सांगितलं. पुढच्या वेळी त्या ओल्या कागदात गुंडाळून चार दोर घेऊन आल्या. खिडकीत आहे ती हीच माळ. पुढच्या भेटीत एखादा दोर मागून घ्या, आणि घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीखही पाहून या.